काळ्या खिडकीतलं कालचं नाव

आमच्या रवळनाथ निवासात अशी बोलवा आहे की सुचित्रामावशीच्या कॉम्प्युटरमध्ये दोघं जण राहतात. एक आजचं बोलतो, दुसरा कालचं. आजचं बोलणारा दिवसा येतो. कालचं बोलणारा पहाटे, नळाला पाणी येतं त्या वेळेला. चंपाकाकू तर छातीला हात लावून सांगते, "मी डोळ्यांनी बघितलं ना! एकाच प्रश्नाला दोन उत्तरं. एक पांढऱ्या खिडकीत, एक काळ्या. आणि काळ्या खिडकीतला जो आहे ना, तो खालचा आहे. खालचा!" 'खालचा' म्हणताना तिचं बोट नेमकं जिन्याखालच्या वाण्याकडे जातं, त्यामुळे तो हल्ली तिच्याशी नीट बोलत नाही.

हे सगळं खोटं आहे. खरं काय ते सुचित्रामावशीने इतक्या जणांना इतक्यांदा समजावलंय की चाळीतल्या कुणालाही ते तिच्या आवाजात म्हणता येईल. चष्मा वर ढकलायचा आणि दर दोन वाक्यांनी 'हे बघा' घालायचं:

"हे बघा, भूतबीत काही नाही. पीएचपी म्हणून एक भाषा आहे. तिच्यात आपण मशीनला कामं लिहून देतो, आणि ती वाचून करणारा एक गडी आत असतो. हे बघा, त्या गड्याला दोन ठिकाणी राबवता येतं. एक म्हणजे वेबसाइट चालवणाऱ्या सर्व्हरच्या पोटात. तुम्ही मोबाइलवर आपलं पान उघडलं की तो तिथून उत्तर देतो. दुसरं म्हणजे सर्व्हरला मध्ये घ्यायचंच नाही. या काळ्या खिडकीत गड्याला नावाने हाक मारायची, फाइल हातात द्यायची, 'हे कर' म्हणायचं. किंवा मशीनलाच सांगून ठेवायचं की रोज अमुक वाजता त्याला हाक मार. गडी तोच, फाइल तीच. फक्त कामावर येताना तो ज्या दाराने येतो त्या दाराला लावलेली सूचना वाचतो. दोन दारं, दोन सूचना. घड्याळ कुठल्या देशाचं धरायचं हे त्या सूचनेत असतं. मी एकाच दाराची सूचना लिहिली. दुसरं दार तसंच राहिलं."

शेवटच्या वाक्याला चष्मा वर जात नाही. नाकाच्या टोकावर राहतो.

तर सुचित्रा मोंडकर. तिसऱ्या मजल्यावरची, पन्नाशीतली, लग्न न केलेली. लोअर परळला काचेच्या एका इमारतीत ऑफिसची सगळी व्यवस्था बघते: कुणाचं ओळखपत्र, कुणाची खुर्ची मोडली, कुणाची बदली. तरुणपणी दादरला रविवारच्या क्लासला जाऊन पीएचपी शिकली, ती तिथल्या तिथे विसरली नाही. काहीही विचारा, तिचं उत्तर ठरलेलं, "बघते, बघते." आणि बघते. चाळीत इतका शब्दाला जागणारा माणूस दुसरा नव्हता. म्हणजे दुसरा होता. तिचे वडील.

उत्तमआबा. गिरणी होती तोवर गिरणीत, मग एका शाळेच्या फाटकावर. पण चाळीच्या लेखी त्यांची खरी नोकरी वेगळी होती. कुठल्या घरातलं कोण कुठल्या तिथीला गेलं, हे आबा लक्षात ठेवायचे. माणूस जातो त्याची तारीख दाखल्यावर राहते, पण दर वर्षी त्याच्या नावाने कठड्यावर पान ठेवायचं, कावळ्याला घास द्यायचा, तो तिथीला. आणि तिथी दर वर्षी वेगळ्या तारखेला येते. घरातल्या बायका घाईत असतात, पोरं नोकरीवर, कुणाच्या ध्यानात राहणार? आबांच्या राहायचं. आदल्या संध्याकाळी ते जिन्याच्या डोक्यावर उभे राहायचे, एक हात कठड्यावर, एक कानामागे:

"गो रखमेऽऽ! फाल्या तुझ्या घोवाची तिथ हां! मासळी हाडू नको!"

फाल्या म्हणजे उद्या, घोव म्हणजे नवरा, हाडू नको म्हणजे आणू नको. आतून "व्हय आबा!" असं आलं की पुढचं घर. घाटावरून लग्न होऊन आलेली चंपाकाकूसुद्धा तेवढ्यापुरती मालवणी व्हायची, "व्हय आबा!"

शेवटच्या आजारात आबांनी ते सगळं मावशीला सांगितलं. डोळे मिटून, तळमजल्यापासून सुरुवात करून, एकेका खोलीत मनातल्या मनात चपला काढून शिरायचे आणि तिथली गेलेली माणसं सांगून बाहेर यायचे. मधूनच म्हणायचे, "थांब गो, हंयसर अजून एक म्हातारी होती." मावशी टाइप करायची. संपल्यावर त्यांनी लॅपटॉपकडे बोट करून विचारलं, "ह्यो इसारतलो नाय मां?"

"मशीन विसरत नाही, आबा," मावशी म्हणाली होती.

हे वाक्य तिने पुढे स्वतःलाच इतक्या वेळा ऐकवलं की ऐकणाऱ्याला नको व्हावं.

आबा गेले आणि मावशीने त्यांची नोकरी चालू ठेवली. एक छोटी वेबसाइट केली. तिच्यावर गेलं की आज कुणाची तिथी, उद्या कुणाची, दिसतं. चाळ सोडून वरळीला, कल्याणला, कुठे कुठे गेलेली घरंही तिच्यावर आली. पण वेबसाइट उघडून बघायला आठवण तर झाली पाहिजे, म्हणून ज्याच्या घरी तिथी त्याला त्या दिवशी मेसेज. वेळ पहाटे चार. ही वेळ तिने आमच्यासाठी निवडली. चारला नळाला पाणी येतं. तेव्हा अख्खी चाळ बादल्या घेऊन गॅलरीत उभी असते, मोबाइल गाऊनच्या खिशात. त्याच वेळी मेसेज वाचला की काळे वाटाणे भिजत टाकायला वेळ मिळतो आणि बाजारात मासळीकडे पाय वळत नाहीत.

लंडनमध्ये नळाला कधी पाणी येतं माहीत नाही. पण चारच्या जागी तिने सहा धरले असते तर काहीही झालं नसतं, आणि हे लिहायला लागलं नसतं.

झालं ते वैशाखात. वेबसाइट जिथे ठेवली होती ती जागा बंद होणार होती, म्हणून मावशीने सगळं सामान नव्या सर्व्हरवर हलवलं. नवी मशीन कोरी आली की तिचं घड्याळ ग्रीनिचचं असतं, म्हणजे लंडनकडचं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. मावशीला हे पक्कं ठाऊक होतं; गड्याला हाक मारायची वेळसुद्धा तिने हिशेब करून तिथल्या रात्रीच्या साडेदहाला, म्हणजे आपल्या पहाटे चारला, लावली. तिने वेबसाइटच्या दाराची सूचना उघडली, भारतातली वेळ लिहिली, मोबाइलवर पान बघितलं. तारीख बरोबर. मग काळ्या खिडकीतूनही तीच फाइल चालवून बघितली, तिथेही बरोबर. समाधानाने ऑफिसचा डबा उघडला. कारण ती दुपार होती. दुपारी मुंबईत आणि ग्रीनिचला तारीख एकच असते. आपल्याकडे रात्री बारा वाजल्यापासून पहाटे साडेपाचपर्यंतच तिथे अजून काल चालू असतो. आणि आमच्या नळाचे चार त्यात बसतात.

त्यामुळे वैशाखापासून काय झालं, की रोज पहाटे मशीनने काळ्या खिडकीच्या दाराने गड्याला हाक मारली, गड्याने लंडनचं घड्याळ बघितलं, आणि काल ज्यांची तिथी होती त्यांना कळवलं, 'आज तुमच्याकडे तिथी आहे.' कुणी वेबसाइट उघडून बघितलीच तर सकाळी चहाबरोबर, आणि 'काल कुणाची होती' हे कोण बघायला जातं? मेसेज आला, पान ठेवलं.

मावशीनेही ठेवलं.

ज्येष्ठात आबांची तिथी. ती तिला पाठ नव्हती. सगळ्यांच्या तिथ्यांबरोबर तीही मशीनमध्ये होती, आणि मशीन विसरत नाही. पहाटे मेसेज आला, तिने बादली बाजूला ठेवली, फोन कपाळाला लावला. वडे केले, काळ्या वाटाण्याची सांबारी केली, आबांना आवडायची ती तांदळाची खीर केली. ऑफिसला रजा. पान कठड्यावर. समोरच्या पिंपळावर कावळा होता. बघत होता. मान तिरकी करून, आमच्या कॉलेजातले सर उशिरा आलेल्याकडे बघतात तसा.

"येत कसा नाही मेला!" चंपाकाकू म्हणाली.

"आबांची काहीतरी इच्छा राहिली," सरोजिनीकाकू तळमजल्यावरून. "बोल गं सुचित्रा, काहीतरी कबूल कर."

मावशीने हात जोडले. ऑफिसात ती चढ्या आवाजात कुणाशी बोलत नाही, पण त्या दिवशी सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आबा, तुमचं काम मी चुकू देणार नाही. एकाही घराची तिथी चुकणार नाही."

कावळा उडाला आणि थेट पुलाच्या दिशेने गेला.

चाळ हसली. मावशीही हसली. शेवटी पान कोपऱ्यावरच्या गाईला गेलं. खरी तिथी आदल्या दिवशी होऊन गेली होती. त्या दिवशी ऑफिसात कुणाचातरी वाढदिवस होता आणि मावशीने चिकन बिर्याणी दोनदा घेतली होती.

आषाढात एका पहाटे पाणी सुरू झालं होतं आणि मावशीचा फोन वाजला. वैभवदादा. पूर्वी आमच्याच मजल्यावर राहायचा, आता वरळीला. विमानतळावर त्याची पहाटेची पाळी असते.

"ताई, एक विचारायचं होतं. काल तुमच्या साइटवर बघितलं, आईची तिथी उद्या दाखवत होतं. म्हणजे आज ना? मेसेज नाही आला."

"बघते, बघते," मावशी म्हणाली. पिंपावर फळी ठेवून तिने लॅपटॉप उघडला. काळी खिडकी उघडली, तीच फाइल हाताने चालवली, पाठवू नकोस, फक्त दाखव, असं सांगून. काळ्या खिडकीत नाव आलं: चंपाकाकूचे सासरे. मग तिने मोबाइलवर पान उघडलं. तिथे नाव आलं: वैभवदादाची आई.

तिने पुन्हा चालवलं. पुन्हा चंपाकाकूचे सासरे. पान पुन्हा उघडलं. पुन्हा वैभवदादाची आई. बादली भरून वाहायला लागली, शेजारची ओरडली, "अगं पाणी!" मावशीला ऐकूच आलं नाही. मग तिने काळ्या खिडकीला फक्त तारीख विचारली. खिडकीने कालची तारीख सांगितली, अगदी निवांतपणे.

वैभवदादाला तिने तिथल्या तिथे फोन केला. "आजच आहे रे. आजच. मेसेजवर जाऊ नकोस." एक घर वाचलं.

मागे फिरली तर चंपाकाकू उभी. हातात कळशी, नजर दोन्ही खिडक्यांवर. "काय गं, आमच्या मामंजींचं नाव हिच्यात आहे नि तिच्यात नाही? मला तर आत्ता मेसेज आला. वाटाणे टाकले मी भिजत."

आता बोलायचं होतं. 'काकू, काल होती' एवढं तीन शब्दांत झालं असतं. मावशी म्हणाली, "बघते, बघते."

चंपाकाकू आत गेली. थोड्या वेळाने तिच्या खोलीतून कुकरच्या शिट्ट्या यायला लागल्या, मग तळणाचा वास. मावशी दाराबाहेर उभी होती, कडीला हात लावायला गेली आणि मागे आली. सकाळभर असंच. ऑफिसला गेली नाही. काळ्या खिडकीच्या दाराची सूचना तिने दोन मिनिटांत दुरुस्त केली, वर फाइलच्या पहिल्याच ओळीत भारतातली वेळ ठोकून बसवली, म्हणजे आता गडी कुठल्याही दाराने आला तरी घड्याळ एकच. दुरुस्ती एवढीच होती. ती एवढी सोपी होती याचाच तिला जास्त त्रास झाला.

दुपारी ती चंपाकाकूकडे गेली, आणि मग पुढच्या काही दिवसांत एकेक करून सगळ्या घरी. वैशाखापासून ज्यांच्या तिथ्या चुकल्या त्या प्रत्येकाकडे, चपला बाहेर काढून. चंपाकाकू म्हणाली, "अगो, मग ते मामंजी आज जेवले ते कुणाचं जेवले?" तिथूनच दोन भुतांची गोष्ट सुरू झाली. बाकी सगळ्यांनी तिला उलट समजावलं. "जाऊ दे गं. सर्वपित्रीला सगळ्यांचं भरून निघतं." "आमचा कावळा तर तरीपण शिवला." "तू करतेस हेच खूप. आमची पोरं करतात का?" प्रत्येक समजूत ऐकून ती आणखी खाली बघायची.

सरोजिनीकाकूने तर कळसच केला. सहज म्हणाली, "माझ्या लक्षात आलं होतं. कॅलेंडरावर आमच्याकडची तिथी आदल्या दिवशी होती."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं कॅलेंडर चुकलंय. तू आबांची मुलगी. तू कशी चुकशील?"

मावशी त्या संध्याकाळी आमच्या उंबऱ्यात येऊन बसली. आईने चहा दिला, तो तसाच राहिला. "छापील कॅलेंडर खोटं धरलं त्यांनी," ती म्हणत होती. "माझ्यापायी."

"आता कोण राहिलं सांगायचं?" आईने विचारलं.

"रखमाकाकी."

रखमाकाकी म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची शेवटची खोली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्याचा पाट अजून भिंतीला टेकवलेला असतो आणि कुणी बसायला गेलं की काकी म्हणते, "त्येच्यार नको, त्येचो असा." वर्षातून एकदा त्याचं पान. त्यासाठी ती आठवडाभर आधीपासून तांदूळ निवडते.

"काकी काही बोलणार नाही," मी म्हटलं. "सगळ्यांसारखंच. 'जाऊ दे गो चेडवा.' पाठीवरून हात फिरवील, वर एक लाडू देईल."

"बोलेल," मावशी म्हणाली. "आणि बोलू दे."

"पैज?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिने चष्मा वर ढकलला. "पैज. हरलीस तर आबांची हाक मारायची."

"ती तर मी रोजच मारते."

"तशी नाही, हसवायला नाही. जिन्याच्या डोक्यावर उभं राहून, आदल्या संध्याकाळी, ज्यांच्याकडे तिथी त्यांच्यासाठी. वर्षभर. पहाटे मशीन सांगेल, आदल्या दिवशी माणूस सांगेल. दोघांचं जुळलं तरच पान. मला आता एकट्या मशीनचा भरवसा नको, मनू."

"आणि मी जिंकले तर तू महिनाभर 'बघते, बघते' म्हणायचं नाही."

"कबूल," म्हणाली, आणि लगेच उठली, नाहीतर पुन्हा हिंमत झाली नसती.

काकी खोलीबाहेर कोलंबी सोलत बसली होती. मावशी तिच्यासमोर उकिडवी बसली आणि सगळं सांगितलं. दारं, सूचना, घड्याळ, लंडन. काकीने सोलणं थांबवलं नाही. संपल्यावर विचारलं, "म्हणजे माझ्या घोवाचा पान खरा खंयच्या दिवशी होता?"

"आदल्या दिवशी, काकी."

"नि मी घातलंय दुसऱ्या दिवशी."

"हो. चुकलंच माझं."

काकीने हातातली कोलंबी वाडग्यात टाकली. मी कठड्याला टेकून लाडवाची वाट बघत होते.

"कोणाक इचारलंस गो तू?" काकीचा आवाज पहिल्या मजल्यापर्यंत गेला. "लंडनाक? माझो घोव आयुष्यात दादराच्या पलीकडे गेलो नाय, नि तू त्येका लंडनाच्या घड्याळार जेवूक घातलंस? गिरणीचो भोंगो वाजलो की पाटार येवन बसायचो त्यो! आमटी उतरूक जरा उशीर झालो तर ताट सरकवायचो! नि अख्खो दिवस गो, अख्खो दिवस!"

दारं उघडायला लागली. चंपाकाकू ओढणीचं टोक तोंडाला लावून आली.

"ह्या कठड्यार बसलो असतलो त्यो," काकी म्हणाली, आणि आता आवाज खाली आला होता, ते जास्त वाईट होतं. "सकाळपासून. मी हंयसर मासळी तळत होतंय, नि त्यो थंय बसान माझ्याकडे बघीत असतलो. 'रखमा इसारली,' म्हणत असतलो. चूक तुझी. पण नाव माझा लागला मां?"

'सर्वपित्रीला भरून निघेल' हे उत्तर मावशीला इतक्या जणांनी दिलं होतं, पण तिने ते काकीला दिलं नाही.

"आबा असते तर असा झाला असता?"

"आबांचंही झालं, काकी," मावशी म्हणाली. "त्यांचं पानही मी दुसऱ्याच दिवशी ठेवलं."

मग मागून चंपाकाकूच ओरडली, "म्हणून आला नाही कावळा!" आणि सगळ्या गॅलरीला एकदम आठवलं. पिंपळ, तिरकी मान, हात जोडून कबूल केलेलं वाक्य. या वेळी कुणी हसलं नाही.

"बापाशीक पण?" काकी पुन्हा चढली. "स्वताच्या बापाशीक? माझ्या घोवाक बायको तरी इसारली असा वाटला असतला. पण आबा! आबान सगळ्या चाळीचा ध्यानात ठेवल्यान, नि त्येची चेडू..." तिथून पुढे तिने जे म्हटलं त्यात मावशीचं शिक्षण, ऑफिस, चष्मा आणि लंडनची राणी, सगळे आले. राणी गेल्याचं काकीला कुणी सांगितलं नव्हतं. मावशी मान खाली घालून ऐकत होती, आणि मला शपथ, तिचे खांदे हळूहळू सैल होत होते. इतके दिवस सगळे जे द्यायला तयार नव्हते ते कुणीतरी तिला देत होतं.

दमल्यावर काकीने पुन्हा कोलंबी घेतली. "अमावास्येक दोघांचा पान तू घाल. माझ्या घोवाचा नि आबाचा. वडे तू थाप. हाटेलातले हाडलंस तर कावळ्याक कळतला."

"आषाढातली अमावास्या चालेल, काकी? त्या दिवशी सगळे..."

"गटारी? चलात. त्येका ती आवडायचीच."

अमावास्येला मावशीने वडे थापले. तिला येत नाहीत, दोन वडे फुगले, बाकीचे पापड झाले. काकी दारात बसून नुसती बघत होती, हात लावत नव्हती. दोन पानं कठड्यावर ठेवली. मावशी पाणी फिरवते आहे, तिचा हात अजून पानावरच आहे, तोवर पिंपळावरून एक आला आणि काकीच्या नवऱ्याच्या पानातला वडा घेऊन गेला. त्याच्या मागून दुसरा. तो आबांच्या खिरीत चोच घालून तिथेच बसला, आमच्यापैकी कुणाचीही पर्वा न करता.

कुणीतरी टाळी वाजवली. काकी मावशीला म्हणाली, "बघ. कसो भुकेलो होतो."

मावशीने पिठाचे हात तसेच चेहऱ्यावर ठेवले.

संध्याकाळी मी तिला गाठलं. "पैज बघायला गेलं तर मीच जिंकले. शेवटी माफ केलं ना काकीने? शेवट धरायचा."

"माफ कुठे केलं?" तिने पीठ खरवडत विचारलं. "'भुकेलो होतो' म्हणाली. एवढी मोठी शिवी मला आजपर्यंत कुणी दिली नाही."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि उत्तर नाही म्हणजे पैज हरली, असं ती म्हणाली.

श्रावणातली पहिली तिथी चंपाकाकूच्या सासूची निघाली. मी वेबसाइटवर बघितलं, सरोजिनीकाकूच्या कॅलेंडरवर बघितलं, मग जिन्याच्या डोक्यावर जाऊन उभी राहिले. एक हात कठड्यावर, एक कानामागे. हसू येईल असं वाटलं होतं, आलं नाही.

"गो चंपेऽऽ! फाल्या तुझ्या सासवेची तिथ हां!"

"व्हय आबा!" आतून चंपाकाकू म्हणाली, हातातलं काम न थांबवता.

मग काम थांबलं. भांड्याचा आवाज बंद झाला. गॅलरीच्या टोकाला मावशी कठड्याला टेकून उभी होती. तिचा चेहरा मला तिथून दिसत नव्हता, फक्त आवाज आला.

"मनू, मासळीचं राहिलं."

पैज हरले होते. मी पुन्हा हात कानामागे नेला.